टोक

वोर्म्सी बेटावर केबल आली ऑक्टोबरात,
फेरीबोटीतून, लाकडी रिळावर गुंडाळलेली.
चर लोकांनीच खणले. जुनिपरच्या मुळांना शिव्या घातल्या,
निघालेले दगड बाजूला रचले, पुढेमागे कुंपणाला होतील म्हणून.
इथवर सगळं सुरळीत.
घोडं पेंड खात होतं ते टोकाशी.

काचेचा धागा, केसाएवढा.
त्यातही उजेडाची वाट अगदी मधोमध,
केसाच्या दहाव्या हिश्शात.
अशी दोन टोकं समोरासमोर आणायची
आणि मध्ये धुळीचा कणसुद्धा पाहुणा नको.
वितळवून एकजीव करणारं यंत्र मिळतं.
किंमत ऐकून हाइनो म्हणाला,
"एवढ्यात ट्रॅक्टर येईल. तो नांगरेल तरी."

म्हणून पहिला हिवाळा गोंदात गेला.
शाळेच्या स्वयंपाकघरात वायके बसायची,
पूर्वीची पोस्टवाली, तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटलेली.
सिरॅमिकच्या नळीत सुईने गोंद भरायचा,
श्वास रोखून धागा ओवायचा,
पावासाठी बाद झालेल्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचा.
मग घासकाम.
आधी खरखरीत कागद, मग मऊ,
मग इतका मऊ की बोटाला तो कागद वाटतच नाही.
त्यावर इंग्रजी आठ काढत राहायचं
(आपला आठ चालणार नाही, तो एका बाजूने उघडाच राहतो).
पंचवीस आठ, नंतर सूक्ष्मदर्शक.
एक ओरखडा दिसला
की कापा. पुन्हा गोंद.

दिवसाला चार टोकं. घरं एकशे बारा.
वायकेने हिशेब मांडला आणि पेन्सिल खाली ठेवली.

लेइदा रोज यायची, शेगडीची ऊब फुकट म्हणून.
तिच्या मांडीवर हाप्सालूची शाल,
अख्खी अंगठीतून ओढून काढता आली तरच खरी म्हणतात, ती.
एकदा सुया न थांबवता म्हणाली,
"जाळीची किनार मी शालीवर विणत बसत नाही.
ती वेगळी विणते, निवांत. शेवटी शिवून टाकते.
तू प्रत्येक घरात किनार का विणतेस गं?"

वायके काही बोलली नाही.
रात्री मात्र घड्याळवाल्या आवोचं दार वाजलं.

आवोने पितळेचा साचा केला, बारा नळ्या एकदम धरणारा.
तीन साचे फुकट गेले, चौथा जमला.
आता घासकाम इथेच, उबेत, एका हाताने बाराजणींचं.
प्रत्येक नळीत काचेचा छोटा तुकडा, एक तोंड आरशासारखं,
दुसरं आत, खाचेत, वाट बघत.
घरोघरी नेायचं फक्त एवढंच,
आणि एक कापणी, एक चिमटा,
आणि थेंबभर जेल, जे उजेडाला कळूच देत नाही
की काच इथे संपली होती.

धागा सोलायचा, स्पिरिटने पुसायचा,
सरळ कापायचा, आत सरकवायचा. टक्.
पाच मिनिटं. कॉफी निवायच्या आत.

शेवटी लाल दिवा सोडून बघायचं.
सांधा चुकला असेल तर तो लालभडक होतो,
जखमेसारखा.
जमला असेल तर तिथे काही दिसत नाही.
दिसणारा उजेड म्हणजे सांडलेला उजेड,
हे हाइनोला तीनदा समजवावं लागलं;
त्याला वाटलं होतं, चकाकतंय ते चांगलं.

खोटं कशाला बोला, थोडा सांडतोच.
वितळवलेल्या सांध्याहून जरा जास्त.
वायके घरागणिक आकडा वहीत लिहिते,
दोन घरांपुढे प्रश्नचिन्ह आहे,
एकापुढे "मांजर" एवढंच.

कापलेले तुकडे मात्र तिने सांडू दिले नाहीत.
पायात गेले तर सापडत नाहीत, नुसते ठणकतात.
एकेक चिकटपट्टीवर उचलून
मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकत गेली.
झाकणावर लेइदाच्या अक्षरात: खायचं नाही.

दोन हिवाळ्यांची काच. बरणी खिडकीशी धरली
तर आत पट्ट्यांचा बोळा दिसतो,
आणि पलीकडचं बर्फ.