वहीची मागची बाजू

खानापूरच्या बस स्टँडासमोर माझं काम नंबर लावायचं.
बेचाळीस गाड्या, पिवळ्या पाट्या, एक वही.
जांबोटीची लाईन इकडं, नंदगडची तिकडं,
बेळगाववाले रस्त्यापलीकडं.
गाडी भरली की दहा रुपये मला,
भांडण झालं की शिव्या पण मलाच.

नोटीस कन्नडात आली.
फ्रान्सिसनं वाचून दाखवली, बोट अक्षरांखालनं सरकवत:
आणखी तीस परमिटं द्यायचा विचार हाय,
हरकत असेल त्यांनी सोमवारी अकराला यावं.
"विचार हाय म्हणजे दिलीच म्हण की गा,"
सातेरी म्हणाला,
आणि चुरमुऱ्यातली मिरची काढून बाजूला ठेवली.

रात्री बैठक. भरमाण्णा उभा राहून बोलला:
धंदा कुठं हाय?
सात सीट भरायला दीड तास लागतोय.
हप्ता, विमा, एफसी, टायर,
आणि बायकांना तर बस फुकट.
आणखी तीस आल्या तर काय
आम्ही एकमेकांनाच घरी सोडून यायचं?
सगळे हसले. खरं हसू लवकर संपलं.
मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
पुरावा म्हणजे माझी वही.

वही खोटं बोलत नाही.
मंगळवार. बाबालाल, लागला नऊ दहाला, सुटला अकराला.
सातेरी, दोन तास, चार सीट, तसाच गेला.
पानंच्या पानं
उभ्या राहिलेल्या गाड्यांची.

खरं वहीला मागची बाजू पण असते.
आठ वाजता शेवटचा नंबर सुटतो, मी टोपी झटकतो,
आणि पंपाच्या मागनं जयानंदची पांढऱ्या पाटीची गाडी
दिवे न लावता पुढं येते.
दवाखान्यातली आया निंगव्वा,
गोव्याच्या कामावरनं उतरलेली दोन पोरं,
कणकुंबीचा मास्तर,
तापानं फणफणलेलं लेकरू पोटाशी धरून एक बाई.
परमिट नाही, विमा नाही,
माझे दहा रुपये पण नाहीत.
तरी हाताला सवय. मी पेन्सिलीनं लिहीत गेलो
शेवटच्या पानापासनं उलटा:
साडेआठ, नऊ जण. पावणेदहा, अकरा जण.
गाडीत न मावलेल्यांचं काय लिहायचं कळेना,
म्हणून नुसत्या रेघा.

गेल्या शिमग्यानंतर आमच्या लोकांनी
जयानंदची काच फोडली.
टॉर्च मी धरली होती.
चौथ्या दिवशी काच बसवून तो परत आला,
आणि मी परत लिहिलं.

सोमवारी बाबालालच्या गाडीतनं बेळगावला गेलो.
साहेब तरुण. बोलणं कन्नडात, मराठी सगळं कळतंय.
भरमाण्णा भडाभडा कन्नड बोलला,
एवढं चांगलं कन्नड त्याला रागातच येतं.
साहेबानं वही चाळली, मान हलवली, विचारलं,
"रात्री?"
"रात्री कोण असतंय, साहेब."
साहेबानं वही मिटली, उलटी टेबलावर ठेवली.
मागचा पुठ्ठा वर. त्यावर माझ्या नातीनं काढलेली बस,
तिला पाच चाकं.
मी हात पुढं केला.
वही परत घ्यायला केला होता
की उघडून दाखवायला,
ते अजून मला धड सांगता येत नाही.
हात मात्र पुठ्ठ्यावर गेला, आणि पुठ्ठा उघडला.

परतीच्या वाटेला भरमाण्णा पुढं बसला.
मच्छे गेलं, देसूर गेलं,
कुणी रेडिओ पण लावला नाही.

परमिटांचं अजून काही कळलं नाही.
जयानंदनं अर्ज भरलाय म्हणे,
फोटो चिकटवायला डिंक माझ्याच डब्यातनं नेला.
आज सकाळी सातेरीचा पहिला नंबर.
गाडी भरल्यावर त्यानं दहाची नोट बोनेटवर ठेवली,
हातात दिली नाही.
मी उचलली.
लिहिलं: जांबोटी, सात पंचवीस.