खोली

सारेमा बेटावर जूनमध्ये
रात्र म्हणायला रात्र असते, अंधार पडतच नाही.
तीन वाजता हेल्दुरने दार वाजवलं:
'वारा पडलाय, व्हिर्वे. छत्री घे.'

छत्री पावसासाठी नाही.
पांढरी, विटकी, एक काडी मोडलेली,
ती वाऱ्याला आडवी धरायची.
सात वर्षं माझं काम एवढंच:
छत्री धरायची
आणि श्वास दुसरीकडे सोडायचा.

भावाने चाळीस वर्षं
विर्त्सूच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं.
नखांत अजून तेल आहे.
आता ओल्या गवतात गुडघे टेकून बसलाय
माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या फुलासमोर.
आमच्याकडे याला माशीफूल म्हणतात.
तपकिरी मखमल, मध्ये निळसर ठिगळ,
वर दोन काळ्या मिशा.
फूल कसलं,
उडायचं विसरलेली माशीच.

भिंग जितकं जवळ, तितकं त्याला कमी दिसतं.
मिशीचं टोक लख्ख केलं
की पाठ धुक्यात.
पाठ सावरावी, तर मिशा गेल्या.
एका वेळी एकच पापुद्रा मिळतो,
केसाएवढा, तोही उसना.
म्हणून पट्टीवर कॅमेरा, पट्टीला स्क्रू.
पाव फेरा. थांब. क्लिक.
पाव फेरा. थांब.
फुलाची खोली नऊ मिलिमीटर
आणि त्या खोलीत शिरायला सत्तेचाळीस दारं.

मी मनात मोजत होते.
एकोणिसाव्याला तो आला.
गांधीलमाशीतला नर, बारीक, काळा-पिवळा,
सरळ येऊन फुलाच्या पाठीवर बसला,
कुणी वाट बघत असल्यासारखा.
कुणी नव्हतं. नुसता वास होता.
हेल्दुरने शिवी ओठांतच दाबली,
बोटं मात्र थांबवली नाहीत.
माझ्या हातातली छत्री थरथरली
की मीच, कळलं नाही.
पंचविसाव्याला तो उडाला
कपाळाला दोन पिवळे दाणे चिकटवून.
सत्तेचाळीस पुरे झाले तेव्हा
माझ्या खांद्यातून कळा येत होत्या.

संध्याकाळी कॉम्प्युटर बराच वेळ घुरघुरला.
प्रत्येक थरातलं लख्ख तेवढं वेचत,
उरलेलं धुकं फेकत
त्याने एक फूल रचलं.
मखमलीचा केस न् केस सुटा दिसत होता,
आणि त्यावर साडेतीन पंख,
हवेत लोंबणारा एक पाय,
पोट नाही, डोकं दोनदा.
'भूत,' हेल्दुर म्हणाला
आणि पुसायला बसला.
अकरापर्यंत पुसत होता.

निर्दोष फूल.
मी विचारलं, 'हे कोणत्या क्षणाचं?'
'सगळ्या.'
'म्हणजे कुठल्याच नाही.'
त्याने चहाचा गार घोट घेतला.
'इंजिनाचा नकाशा पाहिलास कधी?
चालतं इंजिन तसं कुणालाच दिसत नाही.
पण बोट बंद पडली ना, भर समुद्रात,
की तोच उघडावा लागतो.'

यावर मला काही सुचलं नाही.
अजूनही नाही.

तो झोपल्यावर मी सुटे फोटो बघत बसले.
बाविसावा जवळजवळ वाया गेलेला:
वर धुकं, खाली धुकं,
मधल्या एका चिंचोळ्या पट्टीत
एक पाय
मखमलीचा एक केस घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी वारा होता. फोटोचं नाव नको.
मी एकटीच गेले, छत्री न घेता.
फूल हलत होतं.
वाकून, चष्मा कपाळावर सारून पाहिलं:
दाण्यांच्या जागी दोन रिकामे खण.
हेल्दुरच्या चित्रात
ते दोघेही जागच्या जागी आहेत.