रजिस्टर

तालमीचं अंगण अरुंद, माणसं एकेचाळीस.
मागे सरकत सरकत माझी पाठ
हौद्याच्या भिंतीला टेकली,
तेव्हा सोळाची रुंद लेन्स काढली.
सगळे मावले.
लेन्सनं त्याची वसुली कडेच्या माणसांकडून केली.

मधले वस्ताद लख्ख.
पण डावीकडं विष्णुपंत बागण्यांच्या फेट्याला हिरवी किनार,
उजवीकडं शेवटी उभ्या तात्या गवंड्यांच्या
मोडक्या कानाला जांभळी.
मागं दुपारचं पांढरंफेक आभाळ,
आणि कान असा दिसतोय
की कुणी त्याला साडीचा काठ शिवलाय.

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत,
स्टुडिओचं शटर अर्धं ओढून
मी चारशे टक्क्यांवर एक कान बघत बसलोय.

वडील उद्यमनगरात ऑफसेटवर होते.
लग्नपत्रिकेवरचा गणपती छापताना
लाल प्लेट सूतभर सरकली
की देवाचं गंध कपाळाबाहेर.
ते भिंग डोळ्याला लावायचे,
म्हणायचे, रजिस्टर हललं,
आणि पान्यानं अर्धा आटा फिरवायचे.
वाया गेलेले कागद आम्हाला, वह्यांना कव्हर घालायला.
माझ्या भूगोलाच्या वहीवर देवाला
दोन सोंडा होत्या. एक पिवळी.

इथंही तेच. काचेतून येताना
लाल जरा मोठा होतो, निळा जरा लहान.
मध्यावर तिघांचं पटतं,
कडेला गेलं की प्रत्येकाचा बांध वेगळा.
लाल उणे सात.
निळा अधिक चार.
पाच. नाही, चारच.
फेट्याची हिरवी गेली. कौलांवरची गेली.
कानाची निम्मी राहिली.

ती वेगळी जात. मोजमापात बसत नाही.
आभाळ फार उजळ असलं
की उजेडच काठावरून पाझरतो.
तिच्यासाठी वेगळी पट्टी: जांभळा काढा.
ओढली.
कान साफ.

चहा आला. कपातली साय बोटानं बाजूला करताना
लक्ष गेलं, तात्यांच्या पायाशी उकिडवं बसलेलं
भुदरगडाकडचं पोर, इंद्रजित,
काहीतरी चुकतंय त्याचं.
मुरगूडच्या मैदानात
डोळ्याखाली बसलेला मार, चार दिवसांचा,
पिकल्या जांभळासारखा टच्च,
जो दिसावा म्हणून तो मान तिरकी करून बसला होता,
तो राखाडी. पुसलेला.
पट्टीला काय,
जांभळं ते जांभळं.

मागं फिरलो.
सगळं परत आलं, किनारही, मारही.
मग बारीक ब्रश घेतला
आणि कानाच्या कडेनं, फक्त कडेनं,
पाऊण तास.
(तात्या पहाटे मातीत ताक, हळद, तेल कालवतात,
एकही खडा ठेवत नाहीत.
त्यांना हे काम समजलं असतं.)
पाळीच्या टोकाशी थोडं राहिलं.
राहू दिलं. वडील म्हणायचे,
सूतभर चालतंय,
पत्रिका माणूस हातभर लांबनं वाचतो.

संध्याकाळी वस्ताद आले, चष्मा विसरून.
फोटो हातभर लांब धरला,
ओठ हलवत डोकी मोजली,
एकेचाळीस.
मग पोराच्या गालावर अंगठा ठेवला
आणि घासला.
"शाई लागलीया व्हय हितं?"

नाही म्हटलं, वस्ताद, खरं आहे ते.

त्यांनी अंगठा उलटा करून बघितला.
मग आणखी एकदा घासलं.