मूठ

लोहगावात, विमानतळाच्या भिंतीमागं माझी गिरणी.
विमान उतरलं की पाटीवरचा खडू थरथरतो:
गहू, ज्वारी रोज. तांदूळ फक्त मंगळवारी.

ती आली शुक्रवारी.
डबा नाही, नंबराची चिठ्ठी नाही,
पाठीवरच्या सॅकमध्ये चिकट तांदूळ,
आईनं वोख्याहून धाडलेला.
म्हणाली, काका, जाडसर.
म्हटलं, मंगळवारी.
म्हणाली, तोवर सण थांबायचा नाही,
आणि स्वतःच हसली,
कारण सणाचं नावच थांबणं आहे.
तोखू म्हणजे घरोघर जाऊन गोळा करणं,
इमोंग म्हणजे थांबणं.
शेतं कापून झाली, कणग्या भरल्या,
आता नऊ दिवस कुणी कोयत्याला हात लावायचा नाही.

नऊ दिवस!
मी सत्तावीस वर्षांत
पट्टा तुटला तेव्हाच काय तो थांबलोय.

नाव रेनबेनी. खराडीच्या दवाखान्यात रात्रपाळीची नर्स.
तिच्या मजल्याविरुद्धच्या अर्जावर माझीही सही आहे,
आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा वास येतो म्हणून.
तिला ठाऊक होतं की नव्हतं, कळलं नाही.
जातं झाडलं, गव्हाचा उरला घास काढला,
जाडसर दळून दिलं.
पैसे घेतले. हो, घेतले.

शनिवारी एक पोरगा, झुबेमो,
कुरियरची निळी पिशवी घेऊन दारात.
गावाकडं पुजारी टोपली घेऊन फिरतो,
इथं पुजारी कुठला?
याला सगळे जिने पाठ,
कुठली लिफ्ट बंद, कुठला वॉचमन अडवतो,
म्हणून यंदा हे काम त्याच्याकडं.
मूठभर तांदूळ, काका. दिले तर.
आणि नाही दिले तर?
भिकेला लागतो म्हणतात, तो म्हणाला,
अगदी नम्रपणे.

माझा बाप प्रत्येक दळणातून मूठ काढून ठेवायचा.
मी काट्यावर मोजून देतो,
तरी सांडतं ते माझंच असतं.
दोन पिढ्या मूठ आपल्याकडं वळलेली,
ती उलटी करायला
मनगटाला जरा वेळ लागला.

रविवारी त्यांच्या गच्चीवर गेलो.
हुडीवर लाल-काळ्या शाली, केळीच्या पानावर डुकराचं मटण,
मी नुसता भात घेतला, कुणी काही बोललं नाही.
रेनबेनी म्हणाली, ससाणे सध्या आमच्या दोयांगवर उतरलेत,
लाखोंनी. मग तुमच्या लोणावळ्यावरून
आफ्रिकेला जातील.
लोणावळ्याला मी चिक्की आणायला जातो.
वर कधी बघितलं नाही.

मग म्हणाली, गावचा एक नियम आहे.
सण लागला की परक्यानं
सूर्य बुडायच्या आत वेशीबाहेर पडावं,
नाहीतर संपेपर्यंत राहावं.
अधलंमधलं नाही.

सूर्य धानोरीच्या टाक्यांवर टेकलेला.
परका कोण? गाव माझं, सातबारा माझा.
पण जिन्यातल्या बुटांच्या ढिगात
माझ्या चपला लांबून ओळखू येत होत्या,
पिठानं पांढऱ्या.

अंधार पडल्यावर
वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतली.
तिनं बापाचं घेतलं. झुबेमोनं एका मित्राचं.
मग सगळे गप्प, आणि ते गप्प राहणं
फिरत फिरत माझ्यापाशी आलं.
तुळशीराम, मी म्हटलं. भाऊ.
वैशाखात गेला.
समोरच्या रस्त्यावरची गिरणी त्याची होती,
अकरा वर्षं आम्ही बोललो नाही,
हे नाही सांगितलं.
त्यांनी नाव जमेल तसं उच्चारलं. तुशिराम.
दोनदा.

दहाला वॉचमननं गच्चीचा दिवा घालवला.
नऊ दिवसांचा सण तेवढ्यात आटोपला.

सोमवारी पाटीवर लिहिलं: बंद.
बायका डबे घेऊन उभ्या.
लाइट गेली का? पट्टा तुटला का?
नाही, म्हटलं,
आणि पुढं काय सांगायचं ते सुचेना.
खडू हातातच होता.