उभी राहिल्यावर

बोआदू म्हणाला, चालती असते तोवर काही नाही.
तेचिमानपर्यंत गेलो, काटा मधोमध,
जेवून ओट्यावर टेकलेल्या माणसासारखा.
केजेटियाच्या बाजारात गर्दीत थांबलो
की चढायला लागतो.

तीन फिटर झाले.
एकाने थर्मोस्टॅट बदलला,
दुसऱ्याने रेडिएटर, जुनाच, पैसे नव्याचे.
तिसऱ्याने बोआदूला बाजूला घेतलं,
डॉक्टर नातेवाइकांना घेतात तसं,
आणि आवाज खाली आणून म्हणाला, हेड गॅस्केट.

तेव्हापासून हा दर सिग्नलला
हीटर पूर्ण सोडतो. भर दुपारी, कुमासीत.
इंजिनाची आग आत, माणसांवर.
मागे बसलेली मासेवाली म्हणाली,
यांना मी पहाटेच धुरी दिलीय रे,
आता मलाही देतोस?
हे सांगताना तो हसला नाही.
मी हसले, मग बॉनेटकडे वळले.

माझ्या डाव्या मनगटावर चट्टा आहे.
सतराव्या वर्षी गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं होतं.
मास्टर तविआ ओरडले नाहीत,
बादलीत माझा हात धरून बसले, बराच वेळ,
आणि म्हणाले, थांबणं हेही हत्यारच आहे, कोनादू,
ते पेटीत मावत नाही एवढंच.

म्हणून थांबलो.
त्याने केंके खाल्लं, मी पाने पुसले.

मग झाकण. पाणी काठापर्यंत.
ऑइलच्या झाकणाखाली साय नाही,
म्हणजे तिसरा फिटर खोटा, निदान आजपुरता.
इंजिन चालू केलं. गाडी जागेवरच.
वरचा पाइप तापला, खालचाही तापला:
पाणी फिरतंय, त्याची तक्रार नाही.
काटा मधून निघाला.
पंखा बघत राहिला.

फ्यूज धड.
रिलेवर बोट ठेवलं: टक्.
हुकूम सुटतोय.
बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या
तर पंखा असा उठला, की सहारातून आलेली सगळी धूळ
माझ्या तोंडावर.
म्हणजे तोही निर्दोष.
टेस्ट लॅम्प लावला, उजेड पडला.
वीज येतेय.
मग राहिलं काय?

जाणं.
येण्याचीच चौकशी करतो आपण सगळे.
तपकिरी वायर धरून मी बोटांनी मागे मागे गेले,
बॅटरीच्या खाली, आतल्या पत्र्यापर्यंत,
जिथे एका बोल्टने ती गाडीच्या अंगाला बांधलेली असते.
बोल्ट घट्ट होता.
बोल्टखाली रंग होता. नारिंगी, गुळगुळीत, सुंदर.

हा रंग कधी दिलास?
जूनमध्ये, तो म्हणाला. टॅक्सीचा परवाना मिळाला तेव्हा.
मेव्हण्याची खाजगी गाडी होती, हॅम्बर्गहून आलेली,
चारी कोपरे नारिंगी करून घेतले.
पेंटर चांगला होता, आतूनही मारून दिला, फुकट.
आणि तापायला कधी लागली?
तो बोटांवर महिने मोजू लागला,
दुसऱ्याच बोटाशी थांबला.

मी पॉलिश पेपर घेतला.
एका नाण्याएवढी जागा, पत्रा उघडा होईपर्यंत.
रंगाची पूड त्याच्या बुटावर पडली,
त्याने झटकली नाही.

पुन्हा उभी केली, पुन्हा वाट पाहिली.
काटा मधून निघाला, थोडा पुढे गेला,
आणि पंखा सुरू झाला.
आपणहून.
दीड मिनिटाने थांबला. काटा परतला.
चावी फिरवायला मी हात घातला
तर बोआदू म्हणाला, राहू दे.
उभी राहू दे जरा.

आम्ही दोघं तिच्यासमोर स्टुलं टाकून बसलो.
पंखा आणखी तीनदा आला नि गेला.
दर वेळी तो मान हलवायचा,
ओळखीचं कुणी रस्त्यातून गेल्यासारखी.

मग त्याने पाकीट काढलं आणि किती झाले विचारलं.
नखाएवढा रंग खरवडण्याचे किती घ्यायचे,
हे मास्टर तविआंनी शिकवलेलं नव्हतं.