परत

कर्वेनगरच्या कार्यालयात, मुहूर्त नसेल त्या संध्याकाळी
आमच्या गाद्या पडतात.
फटींत अडकलेल्या अक्षता गुडघ्याला टोचतात,
कुणाच्या लग्नातल्या कोण जाणे.
खालच्या भटारखान्यातून मठ्ठ्याचा आंबूस वास.
अंतरकर सर चौऱ्याहत्तरचे, डावा गुडघा स्टीलचा,
म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीतूनच वाकून नमस्कार घेतात
आणि उठताना कुणी हात दिला तर रागावतात.

मी पंधरा वर्षं पडतेय.
पडण्यात मला तोड नाही, असं सगळे म्हणतात.
सरांचा अंगठा माझ्या मनगटामागे बसला
की पुढचं अंगच बघून घेतं:
खांदा, पाठ, गादीवर थाप,
आणि उठून पुन्हा हात पुढे,
पोळपाटावर पुढची लाटी यावी तसा.

आज फळ्यावर लिहिलं होतं, काएशी-वाझा.
गारगोटीचा संग्राम म्हणाला, म्हणजे डावाला तोड ना, सर?
तालमीतलं पोरगं, कान मोडलेले.
सर म्हणाले, तोडतोस काय?
काएशी म्हणजे परत करणं.
शेजारची वाटी तुझी आई रिकामी पाठवते का?

मग मला बोलावलं.

अंगठा बसला. मनगट वळायला लागलं.
खांदा सवयीने निघालाच होता,
आणि मी गेलेच नाही.
कोपर खाली सोडलं, एक पाऊल त्यांच्याकडे,
इतकं जवळ की कॉलरमधला कापूर नाकात गेला.
जिथे त्यांचा हात होता तिथे माझा होता.
वजन सगळं त्यांचंच,
माझं त्यात चिमूटभर.

सर पडले.
काय पडले! थाप हॉलभर घुमली.
कानातलं यंत्र घरंगळत
स्टेजच्या पायरीशी जाऊन शिट्टी मारत राहिलं.
संग्रामने उचललं, बाहीला पुसलं.

माझे तळवे गार.
सर, तुम्ही सोडलंत का?
त्यांना ऐकू आलं नसावं.
उजव्या कुशीवर पडले होते ते,
स्टील अल्लद वाचवून.
हे मला आत्ता, लिहिताना दिसतंय.

तळहाताला चिकटलेला एक लाल दाणा
त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, फुंकून टाकला.
यंत्र कानात बसवलं.
डावा हात दे, म्हणाले.