टिंब फुकट

शरणपूरच्या दफनभूमीत, भिंतीकडच्या रांगेत,
बाभळीच्या मुळानं कलंडलेला दगड.
ओल्या फडक्यानं शेवाळ पुसतो,
खाचांत गव्हाचं पीठ फासतो, अक्षरं उठावीत म्हणून.
पिठामागोमाग मुंग्या येतात.

सा. शां. भा.
ज. १८७९ प्र. नि. १९१८
स्तो. १२१
शि.

नाव ठाऊक होतं : सारा शांतवन भांबळ, माझी पणजी.
ज. कुणालाही कळेल.
प्र. नि., प्रभूमध्ये निजली; साल बघता, मानमोडीनं.
स्तो. म्हणजे ते डोंगराचं स्तोत्र.
मान वर केली, तर डोंगराच्या जागी
सात मजले आणि वाळत घातलेल्या चादरी.

राहिलं शि.
एस्तेरआत्या म्हणते, शिक्षिका. दुसरं काय असणार?
धाकटे काका म्हणतात, शिवणकाम, मिशनचे परकर शिवायची.
दफनभूमीचा राखणदार तंबाखू मळत म्हणाला,
शिल्लक असेल. पैसे द्यायचे राहिले असतील.

चर्चच्या कपाटात पगाराची वही सापडली.
शाई तपकिरी, पान वाळवीनं कुरतडलेलं :
"सा. भां., शि., रु. ४."
तिथंही शि.च.

वहीत पाथरवटाची पावती निघाली :
अक्षरामागं दोन आणे, टिंब फुकट.

म्हणजे शांतवन इथं उभा राहून
बोटांवर अक्षरं मोजत असणार,
स्वतःच्या नावातलंही एकच ठेवून.

शि.पुढचं टिंब मात्र खोल आहे.
पाथरवटानं ते सावकाश कोरलंय.
माझ्या करंगळीचं टोक त्यात बसतं,
आणि थोडं पीठ.